बत्तीस घ्यायचं की तेहतीस?

टेलिटाइप कॉर्पोरेशनची मॉडेल ३२ आणि मॉडेल ३३ ही टेलिप्रिंटर यंत्रं, म्हणजे दुरून आलेला मजकूर कागदावर छापणारी, शेजारी शेजारी ठेवली, तर भल्याभल्यांची फसगत होते. दोन्ही १९६० च्या दशकातली. तोच प्लास्टिकचा खोका, तेच स्टँड, तीच खडखड. विकणारा 'जुना टेलिप्रिंटर' एवढंच सांगून मोकळा होतो, आणि अमेरिकेतला भाचा आणून देणार असेल तर नुसत्या फोटोवरून ठरवावं लागतं. हॅम, म्हणजे हौशी, रेडिओला जोडून आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप, म्हणजे रेडिओवरून छापील संदेशांची देवघेव) करायचं असेल, तर त्या फोटोत आधी कीबोर्डच्या ओळी मोजा.

तीन ओळी असतील तर ३२. तिथे आकड्यांना वेगळी ओळ नसते. क्यू ते पी या अक्षरांवरच १ ते ० बसवलेले असतात. चार ओळी आणि डावीकडे 'कंट्रोल'ची कळ दिसली, की ते ३३. सोबत पट्टीचा पंच असेल तर शंकाच नको: ३२ च्या पट्टीवर आडवी पाच भोकं, ३३ च्या एक इंची पट्टीवर आठ.

या भोकांतच सगळं आलं. ३२ पाच बिटांचा कोड वापरतं, हौशी मंडळी त्याला सर्रास बॉडो म्हणतात. पाच बिटांत जुळण्या होतात ३२, म्हणून एकाच जुळणीला दोन अर्थ आणि मध्ये शिफ्ट, म्हणजे पुढचं अक्षर म्हणून वाचायचं की आकडा म्हणून ते सांगणारा संकेत. ऐन वेळी रेडिओवर खरखर झाली आणि चुकून आकड्यांची शिफ्ट लागली, तर समोरच्याने पाठवलेलं 'पी यू एन ई' तुमच्या कागदावर शून्य, सात, स्वल्पविराम, तीन असं उमटतं. काही यंत्रांत स्पेस आली की आपोआप अक्षरांवर परतण्याची सोय असते; ती असेल तर अजिबात काढू नका.

३३ आस्की बोलतं, म्हणजे संगणकांचा कोड, ज्यात अक्षरं आणि आकड्यांना वेगवेगळ्या जुळण्या असतात. त्यात असा घोळ होत नाही, बिघडलं तर तेवढं एक अक्षर बिघडतं. मग ३३ च बरं, असं वाटेल. पण त्याचा वेग ११० बॉड, म्हणजे सेकंदाला ११० बिट, एक बिट जेमतेम ९ मिलिसेकंदांचा. हौशी आरटीटीवायचा रूढ वेग ४५.४५ बॉड, तिथे बिट २२ मिलिसेकंद टिकतो. शॉर्टवेव्हवर एकच लहर दोन वाटांनी काही मिलिसेकंदांच्या फरकाने पोचते, तेव्हा लांब बिट तगतो, आखूड बिट चिरडला जातो. शिवाय अमेरिकेत हौशी केंद्रांना आस्कीची परवानगी मिळाली तीच १९८० मध्ये. तोवर बॉडोची सवय मुरली होती. आजही १४.०८० मेगाहर्ट्झच्या वर कान लावला तर १७० हर्ट्झ अंतराने डुलणारे दोन सूर ऐकू येतात, ते बॉडोचेच.

तेव्हा मला विचाराल तर रेडिओसाठी ३२. भाव मात्र ३३ ला जास्त, कारण पीडीपी-८ सारख्या संगणकांना ते जोडलेलं असे आणि संगणकवाले त्याच्या मागे असतात. ३३ आधीच घरात आलं असेल तर मध्ये मायक्रोकंट्रोलर बसवून बॉडोचं आस्की करता येतं. छापायला अडचण नाही, ते सेकंदाला दहा अक्षरं छापतं आणि रेडिओवरून सहाच्या आसपास येतात. पण मग ते संगणकाचं प्रिंटर झालं. लहरीवरच्या बिटाने थेट चुंबक ओढण्यातली गंमत गेली.

पुण्यात आल्यावर दोघांचं दुखणं एकच. तापकीर गल्लीतून २३० चे ११५ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर आणला की यंत्र फिरतं, आणि कागदावर कचरा छापतं. लोक मग सिलेक्टर, म्हणजे आलेले बिट ओळखणारा भाग, उघडून बसतात आणि चांगली जुळवणी बिघडवतात. दोष तिथे नसतोच. मोटर सिंक्रोनस आहे, म्हणजे तिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. अमेरिकेत ६० हर्ट्झवर फिरणारी इथे ५० हर्ट्झवर पाच षष्ठांश वेगाने फिरते. ४५.४५ चे झाले सुमारे ३८, ११० चे ९२. उपाय दोन: ५० हर्ट्झसाठीचे गिअर मिळवा, नाहीतर ६० हर्ट्झ देणारा साइनवेव्ह इन्व्हर्टर लावा. इथे ३३ ची बाजू वरचढ आहे, हे कबूल. मध्ये मायक्रोकंट्रोलर असल्यावर त्यालाच ९१.६७ बॉडने पाठवायला सांगायचं. फक्त व्होल्टेजही ९६ च्या आसपास उतरवा, नाहीतर मोटर तापते.

दुरुस्ती मात्र दोघांची जवळपास सारखीच. हातोडीच्या टोकाचं रबर आधी तपासा. एवढ्या वर्षांत ते वितळून काळा चिकटा झालेलं असतं. तसंच चालवलं तर उघड्या धातूचा ठोका टाइप-सिलिंडरची, म्हणजे छापायची अक्षरं कोरलेल्या नळकांड्याची, अक्षरं खाऊन टाकतो, आणि तो सिलिंडर कुठला लेथवाला करून देणार नाही. फेल्टचे वॉशर तेलात भिजवून बसवा. चाचणीसाठी ३२ वर 'आर-वाय' आलटून पालटून पाठवतात, कारण त्यांचे पाचही बिट एकमेकांच्या उलट असतात. ३३ वर हेच काम 'यू' आणि तारांकन करतात.

जुन्या बाजारात मात्र या दोघांपेक्षा हिंदुस्थान टेलिप्रिंटर्सचं यंत्र सापडण्याची शक्यता जास्त. १९६० मध्ये ऑलिव्हेत्तीच्या सहकार्याने मद्रासला निघालेली ही कंपनी. तिची तारखात्यातली यंत्रं पाच बिटांचीच, पण ५० बॉडची. हा फरक किरकोळ वाटतो, पण हिशोब करून बघा. ५० बॉडचं यंत्र पाचवा बिट ११० व्या मिलिसेकंदाला तपासतं, आणि ४५.४५ च्या संदेशात नेमक्या त्याच क्षणी चौथा बिट संपून पाचवा सुरू होत असतो. कधी बरोबर छापेल, कधी चूक. अशा यंत्रासाठी गिअर शोधत फिरण्यापेक्षा मायक्रोकंट्रोलर बरा: ऐकताना ४५.४५, छापताना ५०. पाठवताना उलटं, आणि तेव्हा थोडा बफर ठेवा, कारण कीबोर्ड रेडिओच्या पुढे धावतो.