इस्लाम धर्मशिक्षक पर्यवेक्षण (इंडोनेशिया)

सार्वजनिक व खाजगी शाळांत इस्लाम धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांच्या कामाची पाहणी व त्यांना मार्गदर्शन करणारी इंडोनेशियातील शासकीय व्यवस्था. पर्यवेक्षकास तेथे ‘पेंगावास’ म्हणतात.

या पदाचे मूळ डच अमलातील शाळा-तपासनीसांपर्यंत नेण्याकडे कल दिसतो. फिरती आणि शेरे यांचा साचा त्या काळातून आला असणे शक्य आहे. तथापि डच सरकारी शाळा धर्माबाबत तटस्थ होत्या, त्यामुळे धर्मविषयाचा तपासनीसही तेथूनच आला, हे ओढूनताणून वाटते. स्वतंत्र धर्म मंत्रालय ३ जानेवारी १९४६ रोजी स्थापन झाले आणि त्याच वर्षाअखेरच्या संयुक्त आदेशान्वये १९४७ पासून प्राथमिक शाळांत चौथीपासून धर्मशिक्षण सुरू झाले. पदाचा उगम याच सुमारास मानणे अधिक सयुक्तिक. १९५० च्या कायद्याने मुलाने या तासाला बसावे की नाही, हे पालकांवर सोपवले होते. १९६६ नंतर विषय सक्तीचा झाला व पर्यवेक्षकांची गरज बहुधा तेव्हाच वाढली.

शाळांचा अभ्यासक्रम शिक्षण मंत्रालय ठरवते. धर्मशिक्षणाची व्यवस्था २००७ च्या शासकीय नियमानुसार धर्म मंत्रालयाकडे आहे. अभ्यासक्रम बदलला की ही दुहेरी घडी प्रकर्षाने जाणवते. २०१३ च्या अभ्यासक्रमाने विषयाला ‘बुदी पेकर्ती’ (सदाचार) जोडून माध्यमिक शाळेतील साप्ताहिक तास दोनाचे तीन केले. डिसेंबर २०१४ मध्ये तो एकच सत्र राबवलेल्या शाळांना २००६ च्या अभ्यासक्रमाकडे परतावे लागले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘मर्डेका’ (स्वतंत्र) अभ्यासक्रमात इयत्तांऐवजी टप्प्यांची ध्येये आली. आशयाचे कुराण-हदीस (हदीस म्हणजे पैगंबरांची वचने व कृती), अकीदा (श्रद्धातत्त्वे), अखलाक (नीती), फिकह (धर्माचारशास्त्र) व इस्लामी संस्कृतीचा इतिहास असे पाच घटक ठरले.

पर्यवेक्षणाची पद्धत मात्र धर्मविषयाची स्वतःची नाही. निरीक्षणापूर्वी चर्चा, वर्गनिरीक्षण व नंतरची चर्चा हा क्रम १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हार्वर्ड विद्यापीठात मॉरिस कोगन प्रभृतींनी घडवलेल्या ‘क्लिनिकल’ पर्यवेक्षणाचा आहे. उदाहरणार्थ, तजवीदच्या (कुराणपठणातील शुद्ध उच्चारांच्या) तासाला पर्यवेक्षक मागच्या बाकावर बसतो. शिक्षकाचे उच्चार निर्दोष असतात, पण पठण येणारी मुले आणि अक्षरओळखीत अडखळणारी मुले एकाच सुरात म्हणत राहतात. नव्या अभ्यासक्रमात पर्यवेक्षकाने नंतरच्या चर्चेत विचारायचे ते मुलांच्या या फरकाबद्दलच. कागदपत्रांची तपासणीच वरचढ ठरली, तर दुसऱ्या शाळेकडून उतरवून घेतलेला पाठ-आराखडाही पसंत होऊन जातो. मूल्यमापन आणि मार्गदर्शन ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असल्याने शिक्षक अडचण मोकळेपणी सांगत नाहीत, हा आक्षेप रास्त म्हणावा लागेल.

प्राथमिक शिक्षकांचे ‘काकागे’ व माध्यमिकचे ‘एमगेएमपे’ हे गट परस्परांना मदत करतात. मदरशांसाठी वेगळे पर्यवेक्षक असतात.