स्वतंत्र संघ (अमेरिकी कॉलेज फुटबॉल)

अमेरिकेतील विद्यापीठांचे फुटबॉल संघ बहुतांशी ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांतून खेळतात. गटातली विद्यापीठे सामने मिळून ठरवतात, प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकतात आणि आलेला पैसा वाटून घेतात. अशा कोणत्याही गटात नसलेला तो स्वतंत्र संघ. १९८६ ते १९८९ ही सलग चार राष्ट्रीय अजिंक्यपदे पेन स्टेट, मायामी, नॉत्र दाम आणि पुन्हा मायामी या स्वतंत्र संघांनीच मिळवली होती. २०२५ च्या हंगामात सर्वोच्च स्तरावर असे दोनच संघ उरले: नॉत्र दाम आणि कनेटिकट.

ही पडझड टीव्हीच्या पैशामुळे झाली. प्रक्षेपणावरचे एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचे नियंत्रण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मोडीत काढले आणि हक्कांची बोली कॉन्फरन्सच्या हाती गेली. पेन स्टेट बिग टेन या कॉन्फरन्समध्ये, फ्लोरिडा स्टेट एसीसी या कॉन्फरन्समध्ये गेले. पुढे टेक्सास व ओक्लाहोमा एसईसी या कॉन्फरन्समध्ये, तर लॉस एंजेलिसची दोन्ही मोठी विद्यापीठे बिग टेनमध्ये दाखल झाली (२०२४). शतकाहून जुन्या पॅक-१२ कॉन्फरन्समध्ये त्या वर्षी ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढेच उरले. प्रादेशिक चुरशीवर वाढलेल्या या खेळाचे यात खरे नुकसान झाले.

स्वतंत्र संघाची पहिली अडचण वेळापत्रकाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाकीचे आपापल्या गटात गुंतलेले असतात, त्यामुळे प्रतिस्पर्धी मिळणे मुश्कील. न्यू मेक्सिको स्टेट आणि लिबर्टी २०१८ मध्ये एकाच हंगामात एकमेकांशी दोनदा खेळले, २०१९ मध्येही तेच. दोघेही २०२३ मध्ये कॉन्फरन्स यूएसएत गेले. त्याच वर्षी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने बिग १२ कॉन्फरन्स गाठली. २०२४ मध्ये आर्मी (अमेरिकी लष्करी अकादमीचा संघ) अमेरिकन कॉन्फरन्समध्ये गेला.

नॉत्र दामची गोष्ट निराळी. १९९१ पासून त्याचे घरचे सामने एनबीसी ही टीव्ही वाहिनी दाखवते. इतर बहुतेक खेळांसाठी तो एसीसीत आहे आणि फुटबॉलमध्ये दरवर्षी सरासरी पाच एसीसी संघांशी खेळतो. २०२४ च्या हंगामात राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बारा संघांच्या बाद स्पर्धेत त्याने अंतिम सामना गाठला, पण गटविजेतेपद नसल्यामुळे त्या वर्षी पहिल्या फेरीतून सूट मिळणे त्याला नियमानेच अशक्य होते. पुढच्या वर्षी तो नियम गेला, तरी दहा विजय मिळवूनही निवड समितीने त्याला त्या बारा संघांत घेतले नाही. कनेटिकटपाशी असा स्वतःचा मोठा करार नाही. बास्केटबॉलसाठी ते २०२० मध्ये बिग ईस्टमध्ये परतले, आणि त्या कॉन्फरन्समध्ये फुटबॉल खेळलाच जात नाही.