डीव्हीडी प्लेअरला एमपी४ का कळत नाही?

लग्नाचं शूटिंग हल्ली पेन ड्राइव्हवर मिळतं, नाहीतर नुसती लिंक येते. गावाकडच्या घरात मात्र टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर असतो आणि आजी-आजोबांना तोच रिमोट सवयीचा. मग कुणीतरी ती एमपी४ फाइल कोऱ्या डिस्कवर कॉपी करून पाठवतं आणि प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणून मोकळा होतो. डिस्क चांगली असते, प्लेअरही बिघडलेला नसतो.

यावर फाइलच्या नावाचं शेपूट बदलून बघणारे अजूनही आहेत. ते म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलण्यासारखं. आतली भाजी तीच राहते. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही डब्यांची नावं. खरा प्रश्न असतो तो आतलं चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय, म्हणजे कोडेक कुठला, हा. मोबाइलच्या शूटिंगमध्ये तो बहुधा एच.२६४ किंवा एच.२६५ असतो. पहिला २००३चा, दुसरा २०१३चा. डीव्हीडी प्लेअर १९९६ साली जपानमध्ये बाजारात आला तेव्हा त्याला एमपेग-२ हा कोडेक येत होता, आणि व्हीसीडीसाठी त्याआधीचा एमपेग-१. संगणकात नवं सॉफ्टवेअर टाकलं की नवा कोडेक चालू होतो. प्लेअरमधल्या चिपचं काम कारखान्यातच ठरून गेलेलं असतं. म्हणूनच तो इतका स्वस्त झाला, आणि म्हणूनच कधी अपडेट मागत बसत नाही.

तेव्हा चित्रालाच प्लेअरच्या मापात बसवावं लागतं. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत, त्यामुळे माप ठरलेलं: आडवे ७२०, उभे ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रं. फुल एचडीचं चित्र १९२० बाय १०८०. गुणाकार करून पाहा, ते बरोबर पाचपट भरतं. म्हणजे रूपांतरात पाचातले चार ठिपके गेलेच. शिवाय ७२० बाय ५७६ हा आकार रुंद टीव्हीचाही नाही आणि जुन्या चौकोनीसर टीव्हीचाही नाही. चित्र किती ताणून दाखवायचं याची खूण फाइलमध्ये वेगळी लिहिलेली असते. ही खूण १६:९ ऐवजी ४:३ पडली की अख्खं वऱ्हाड उंच आणि सडपातळ दिसतं. काहींची त्याला हरकत नसते.

एवढं लहान केलेलं चित्रही न दाबता लिहिलं तर ४.७ जीबीची डिस्क पाच मिनिटांत भरेल. दोन तास बसवायचे तर ते साधारण पंचवीसपट दाबावं लागतं. इथे कामी येतं ते डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाचं गणित. ते सुचलं बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना. १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबरचा त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४मध्ये छापून आला. जेपेग फोटोही याच गणितावर चालतात.

चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात उजेड सावकाश किती बदलतो आणि झपाट्याने किती, हे वेगळं काढायचं. डोळ्याला बारीक, झपाट्याचे बदल फारसे जाणवत नाहीत, म्हणून तिथे आकडे ढोबळ करायचे. मग दुसरी युक्ती: दर चित्र पूर्ण लिहायचंच नाही. डीव्हीडीवर पाल पद्धतीत जास्तीत जास्त १५ चित्रांमागे एक पूर्ण असावं लागतं. मधल्या चित्रांत ‘हा तुकडा इतका सरकला, बाकी जैसे थे’ एवढंच नोंदतात.

या युक्तीची खरी परीक्षा मंगलाष्टकांत होते. ‘सावधान’ म्हटलं की शेकडो अक्षता एकदम उडतात, प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने. कुठला तुकडा कुठे सरकला याचा हिशेबच लागत नाही. त्यात फोटोग्राफरचा फ्लॅश उडतो आणि सबंध चित्राचा उजेड एका क्षणात बदलतो. मागच्या चित्राचा आधार तुटतो. जागा अपुरी दिली असेल तर नेमक्या याच वेळी नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर चौकोन चौकोन उमटतात. उलट, पंगत बसायच्या आधीचा रिकामा हॉल अगदी थोड्या जागेत सुरेख मावतो.

जागेचं गणित सोपं आहे. ४.७ जीबी दोन तासांवर वाटले तर सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट येतात. त्यातून आवाजाचा वाटा गेला की चित्राला ५च्या आसपास. तासाभराचंच शूटिंग असेल तर दुप्पट देता येईल, पण प्रमाण ठरवणाऱ्यांनी चित्रासाठी ९.८ मेगाबिटची कमाल मर्यादा घातली आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘टू पास’ असा पर्याय दिसला तर तो घ्यावा. पहिल्या फेरीत ते नुसतं सगळं बघून घेतं, दुसऱ्या फेरीत रिकाम्या हॉलची वाचलेली जागा अक्षतांना देतं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण लग्नाच्या शूटिंगला तरी मी हाच पर्याय घेईन.

आवाजाकडे सहसा दुर्लक्ष होतं. मोबाइलचा आवाज एएसी या पद्धतीने दाबलेला असतो, डीव्हीडीला तो चालत नाही. तो एसी-३ या पद्धतीत करून घ्यावा, आणि आवाजाचे नमुने, म्हणजे सेकंदाला घेतलेली मोजमापं, ४८ हजारच हवेत. दुसरी गोम मोबाइलचीच. उजेड कमी झाला की अनेक फोन चित्रांचा वेग गुपचूप कमी करतात. असा हलता वेग नीट २५वर आणला नाही, तर अर्ध्या तासानंतर सनई एकीकडे आणि वाजवणारा दुसरीकडे.

हे सगळं झालं तरी हातात फक्त एमपेग-२ फाइल येते, डीव्हीडी नाही. प्लेअर डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर शोधतो. त्यात व्हीओबी फाइलींत चित्र-आवाज, आयएफओ फाइलींत कुठून काय सुरू करायचं याची माहिती आणि बीयूपी फाइलींत त्याच माहितीची जादा प्रत. ही मांडणी करायला डीव्हीडी स्टायलरसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. डिस्क मात्र साधी डीव्हीडी-आर घ्यावी. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवरून लेझरचा प्रकाश कमी परततो आणि काही जुने प्लेअर तिथेच गोंधळतात. संगणक कोऱ्या डिस्कची जागा ४.३८ जीबी दाखवतो तेव्हा दुकानदाराला बोल लावू नये. मोजायची पद्धत वेगळी आहे, डिस्क तेवढीच.

मराठी सबटायटल घालायची असतील तर इथे जुनं तंत्र उपयोगी पडतं. डीव्हीडीवर सबटायटल अक्षरं म्हणून नव्हे, चार रंगांची छोटी चित्रं म्हणून साठवतात. त्यामुळे प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट असण्याचा प्रश्नच येत नाही. संगणकावर जोडाक्षरं नीट उमटली की टीव्हीवरही तशीच दिसतात.

प्लेअरला यूएसबीची खाच असेल आणि दर्शनी भागावर डिव्हएक्सचं चिन्ह असेल, तर डिस्क लिहायचीही गरज नाही. असे प्लेअर एव्हीआय डब्यातलं, डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड कोडेकने दाबलेलं चित्र पेन ड्राइव्हवरून दाखवतात. पेन ड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट करून घ्यायचा, एक फाइल ४ जीबीच्या आत ठेवायची आणि चित्र ७२० बाय ५७६च्या वर न्यायचं नाही. मोबाइलची एच.२६४ फाइल तिथेही बहुधा चालत नाही.