श्रोते जमतात तसा फ्लूटचा सूर चढतो

फ्लूट (धातूची आडवी बासरी), व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं वाद्य) आणि हार्प (उभ्या चौकटीत तारा ताणलेलं वाद्य) ही तीन वाद्यं एकत्र वाजवायची रीत रुजली ती मुख्यतः क्लोद दबुसी या फ्रेंच संगीतकारामुळे. १९१५ साली महायुद्ध पेटलेलं होतं आणि तो स्वतः कर्करोगाने आजारी होता. त्या काळात त्याने या त्रिकुटासाठी सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, लिहिला. आधी त्याच्या मनात व्हायोलाच्या जागी ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य होतं, पण बेत बदलला आणि फार चांगलं झालं. एक वाद्य फुंकरीचं, एक गजाचं, एक बोटांनी छेडायचं. या सोनाट्याच्या सुरुवातीलाच फ्लूटचा लांबवलेला स्वर व्हायोला अलगद उचलून घेतो. दोघांचा सूर केसभर जरी वेगळा असेल, तर तो सांधा लगेच उघडा पडतो. आणि गोव्याच्या उष्ण, दमट हवेत तो वेगळा पडायला कारणं भरपूर आहेत.

फ्लूटमध्ये कंप पावते ती आतली हवा. तिचा सूर नळीच्या लांबीवर आणि ध्वनीच्या वेगावर ठरतो. २० अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, ३० अंशांना सुमारे ३४९ मीटर. फरक पावणेदोन टक्क्यांचा. ऐकायला किरकोळ वाटेल, पण लगतच्या दोन सुरांमधलं अंतरच मुळी सहा टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे गार खोलीत ४४० हर्ट्झला (सेकंदाला ४४० कंपनांना) लावलेला स्वर उकाड्यात ४४७ च्या पुढे जातो, सुरांमधल्या अंतराचा जवळजवळ तिसरा हिस्सा ओलांडतो. वादकाच्या उबदार श्वासामुळे प्रत्यक्षातला फरक यापेक्षा थोडा कमी पडतो, तरी कानाला खटकेल इतका उरतोच. धातूची नळी उष्णतेने लांबते हे खरं, पण ती वाढ मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याएवढी. तिचा उपयोग शून्य.

मग वादक तोंडाकडचा तुकडा थोडा बाहेर ओढून नळी लांब करतो. त्या ४४० हर्ट्झच्या स्वराला सात मिलिमीटर पुरतात. पण सगळी भोकं बंद करून वाजणाऱ्या सर्वात खालच्या स्वराला नळीची लांबी खूप जास्त लागते, त्यामुळे तेवढ्याच सात मिलिमीटरनी तो एक टक्काच उतरतो. एक स्वर जुळवला की बाकीचे आपापसात बिनसतात. उरलेली दुरुस्ती ओठांनी, फुंकरीचा कोन बदलून, स्वरागणिक करावी लागते. चांगला फ्लूटवादक ती सतत करत असतो आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही.

तारांचं उलटं. धातूची तार तापली की सैलावते आणि सूर उतरतो. मोठ्या हार्पला ४७ तारा असतात. सर्वात खालच्या धातूच्या, मधल्या बऱ्याचशा प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या, म्हणजे आपल्या सारंगीला असते तशी तांत. तांत हवेतला ओलावा शोषते, फुगते आणि तिचा सूर सरकतो. व्हायोलाच्या गजाचे घोड्याचे केसही दमटपणात लांबतात, गज ढिला पडतो, स्क्रू पिळून तो ताणावा लागतो. गजाचं काम कसं चालतं याचा सखोल अभ्यास सर सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात केला होता. गज तारेला चिकटवून ओढतो, तार निसटते, पुन्हा चिकटते, असं सेकंदाला शेकडो वेळा घडतं. गज ढिला असेल तर या चिकटण्या-निसटण्यावरचा ताबाच कमी होतो.

आता यात श्रोते आणू. जुन्या गोव्यातल्या टेकडीवरच्या अवर लेडी ऑफ द माउंट चॅपेलमध्ये मोंते संगीत महोत्सव भरत आला आहे. तशा एखाद्या चॅपेलमध्ये दीडशे माणसं बसली आहेत असं धरा. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो. दीडशे जणांचे झाले पंधरा हजार वॉट, म्हणजे हजार वॉटच्या पंधरा इलेक्ट्रिक इस्त्र्या एकदम चालू ठेवल्यासारखं. शिवाय श्वासातून आणि घामातून तासाभरात कित्येक लिटर पाण्याची वाफ. कार्यक्रम रंगत जातो तसा फ्लूट चढत जातो आणि हार्पच्या धातूच्या तारा उतरत जातात.

या ओढाताणीत हार्प काहीच करू शकत नाही. तिची सात पेडल्स तारेची वाजणारी लांबी ठरावीक टप्प्यांनीच बदलतात, आणि वाजवता वाजवता खुंट्या पिळणं शक्य नसतं. म्हणून झुकायचं ते फ्लूटने आणि व्हायोलाने. हा झुकाव गंधारावर सर्वात जास्त जाणवतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार षड्जाशी पाचास चार या प्रमाणात असतो. हार्प पियानोसारखी सप्तकाच्या समान बारा भागांत लावलेली, त्यामुळे तिचा गंधार त्याहून थोडा चढा. नुसते फ्लूट आणि व्हायोला वाजत असतील तेव्हा ते शुद्ध गंधार धरू शकतात. हार्प आली की त्यांना तिच्याकडे सरकावं लागतं. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गोव्यात तानपुऱ्यावर तयार झालेले कान पुष्कळ आहेत. असे कान हा बदल नक्की टिपतील.

श्रोत्यांमुळे एक गोष्ट मात्र सुधारते. वॉलेस सॅबिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवलं की आवाज किती वेळ घुमतो हे खोलीचं घनफळ आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग यांवर ठरतं. चुन्याच्या गिलाव्याच्या जाड भिंती आवाज फारसा शोषत नाहीत. बाराशे घनमीटरच्या रिकाम्या चॅपेलमध्ये आवाज तीन सेकंद घुमत असेल, तर दीडशे माणसांच्या अंगावरचे कपडे तो दीड सेकंदावर आणू शकतात. तालमीच्या वेळी एकमेकांत मिसळून गढूळ झालेले हार्पचे स्वर कार्यक्रमात सुटे ऐकू येतात, आणि तालमीत तळव्याने तारा वरचेवर दाबून आवाज थांबवणाऱ्या वादकाला इथे जरा मोकळं सोडता येतं.

मध्यंतरात लोक पाय मोकळे करायला बाहेर जातात, तेव्हा हार्पवादक बहुतेक वेळा किल्ली घेऊन वाद्यापाशीच असतो. एकेक तार ऐकून खुंटी कणभर पिळत, हवेने सरकवलेले सूर तो जागेवर आणत असतो. त्यासाठी त्याला शांतता लागते. गप्पा मारायच्याच असतील, तर त्या अंगणात जाऊन माराव्यात.