कळसूबाईपेक्षा उंचावरची खुर्ची

२२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचं शेवटचं जंबो, म्हणजे बोइंग ७४७, मुंबईहून उडालं. धावपट्टी सोडल्यावर वैमानिकाने विमान एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर कलवलं. पंख हलवून घेतलेला निरोप. कोथरूडला आत्याच्या घरी आम्ही तो व्हिडिओ पाहिला, आणि मोबाइल मला परत देताना आत्याचे डोळे भरून आले होते.

१९८४ साली ती पहिल्यांदा लंडनला गेली, ती याच जातीच्या विमानाने. जंबो पकडायचं तर पुणेकराला मुंबई गाठायलाच लागायची. एशियाडने दादर, तिथून टॅक्सीने सहार, आणि पोचवायला घरातली अकरा माणसं. खिडक्यांभोवती रंगवलेल्या लाल झरोक्यांच्या कमानी तिला आजही आठवतात. गेल्या वर्षी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ती बोइंगच्याच नव्या ड्रीमलायनर विमानाने पुन्हा लंडनला जाऊन आली. कसा झाला प्रवास, विचारलं तर म्हणाली, "कान कमी दुखले रे, पाय जास्त."

या एका वाक्यात गेल्या पन्नास वर्षांत विमानाच्या केबिनमध्ये काय काय बदललं ते सगळं आलं आहे.

आधी कानांचं बघू. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात कानांना दडे बसतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते आणि बाहेरच्या हवेचा दाब वाढत जातो. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतली हवा मात्र वरचीच, कमी दाबाची असते. चढताना उलट होतं, आतली जादा हवा घशाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून आपसूक निसटते. उतरताना ती नळी आवंढा गिळून किंवा जांभई देऊन उघडावी लागते. म्हणून चढापेक्षा उतार जास्त सतावतो आणि म्हणून आई आपल्याला घाटात लिमलेटची गोळी द्यायची.

विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवर उडतं. तिथल्या विरळ हवेत माणूस शुद्धीवर राहू शकत नाही, म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात. पण जमिनीवर असते तेवढी भरत नाहीत. नियमाप्रमाणे केबिनमधला दाब ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका उतरला तरी चालतो, आणि जंबोच्या पिढीतली विमानं लांबच्या प्रवासात या मर्यादेपर्यंत जाऊ शकायची. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे जंबोत आत्या नऊ-दहा तास कळसूबाईच्याही वर, कदाचित साडेसातशे मीटरपर्यंत वर बसून होती, जेवत होती, झोपायचा प्रयत्न करत होती.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर बाकरवडीचं पाकीट न्या. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे पुण्यात बंद केलेल्या पाकिटात इथल्या दाबाची हवा असते. केबिन ८,००० फुटांच्या दाबावर गेली की तीच हवा सव्वापट जागा मागते आणि पाकीट उशीसारखं टम्म फुगतं. पोटातला वायूही हेच करतो. विमानात पोट जड वाटतं त्याचा दोष दर वेळी जेवणाला देऊ नये.

मग पुण्याइतका दाब सरळ का ठेवत नाहीत? कारण विमानाचा सांगाडा. जंबोचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, पत्रा बऱ्याच ठिकाणी जेमतेम दोन मिलिमीटर जाड. आतली हवा त्याला दर चौरस मीटरला सहा टनांच्या आसपास जोराने बाहेर ढकलत असते. प्रत्येक उड्डाणात पत्रा किंचित फुगतो, उतरल्यावर पुन्हा बसतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की ज्या कारणाने तुटते, त्याच कारणाने हा पत्राही थकतो. १९५४ साली कॉमेट या पहिल्या जेट प्रवासी विमानाची दोन विमानं इटलीजवळ हवेतच फुटली. तपासासाठी इंग्लंडमध्ये अख्खं कॉमेट पाण्याच्या हौदात ठेवून आत पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा झरोक्याच्या कोपऱ्याशी पत्रा फाटला. विमानाच्या खिडक्यांना गोलाई असते त्यामागे हा धडा आहे. आत दाब जितका कमी, तितकं धातूचं आयुष्य जास्त, हा हिशेब तेव्हापासून चालत आला.

ड्रीमलायनरमध्ये तो बदलला. २०११ साली सेवेत आलेल्या या विमानाच्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास भाग कार्बनच्या तंतूंचा आणि रेझिनचा आहे. हा माल ताणाने असा थकत नाही. त्यामुळे केबिन ६,००० फुटांच्या दाबावर ठेवता येते, खिडक्याही मोठ्या करता येतात. ६,००० फूट म्हणजे कळसूबाईच्या थोडंच वर. उतरताना दाबात पडणारा फरकही कमी, म्हणून आत्याचे कान कमी दुखले. बोइंगच्या मदतीने झालेला एक अभ्यास २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. त्यात ५०२ स्वयंसेवकांना बंद खोलीत वीस तास वेगवेगळ्या उंचीच्या दाबाखाली बसवलं होतं. ८,००० फुटांच्या दाबाला रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी चार-साडेचार टक्क्यांनी उतरली, आणि सात-आठ हजार फुटांवर काही तासांनी अंगदुखी, मरगळ जास्त जाणवू लागली.

कोरडेपणाचंही मूळ धातूतच. बाहेरच्या उणे पन्नास अंशांच्या हवेत बाष्प जवळपास नसतंच. केबिनमध्ये जो ओलावा असतो तो मुख्यतः आपल्याच श्वासाचा. तो वाढवला तर गार पत्र्यावर पाणी धरून गंज चढायची भीती. कार्बनला गंज नाही, म्हणून नव्या केबिनमध्ये थोडा जास्त ओलावा ठेवता येतो. घसा सकाळी वाळलेला नसतो, तो यामुळे.

आता पाय. जंबो आखलं गेलं तेव्हा अनेकांना वाटत होतं की पुढे प्रवासी आवाजापेक्षा वेगवान विमानांतून जातील आणि जंबो माल वाहील. म्हणून जंबोचे मुख्य इंजिनिअर जो सटर यांच्या चमूने नाकातून माल भरता यावा यासाठी वैमानिकांची खोली वरच्या मजल्यावर नेली. जंबोचं ते ओळखीचं कुबड त्यातून आलं. त्याच्या मागे उरलेल्या जागेत सुरुवातीला बैठकीची खोली आणि वर जायला गोल जिना होता. केबिन सहा मीटर रुंद, भिंती जवळजवळ सरळ. विमानाच्या नळीपेक्षा ती एखाद्या दिवाणखान्यासारखी वाटायची. आत्याला ती मोकळीक आठवते, आणि ती आठवण खरी आहे.

पण जंबोतही सुरुवातीला एका रांगेत नऊ खुर्च्या होत्या, पुढे दहा झाल्या. ड्रीमलायनर मुळात रांगेत आठ माणसं धरून आखलं होतं. जपान एअरलाइन्सने आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर आठच ठेवली. बहुतेक कंपन्यांनी नववी खुर्ची घुसवली आणि प्रत्येकाच्या वाट्याला सतरा इंचांच्या आसपास रुंदी उरली. मला याचा राग येतो. ज्या इंजिनिअरांनी इतक्या कष्टाने श्वास सुखाचा केला, त्यांनी गुडघे आणि खांदेही विचारात घेतले होते. ती जागा पुढे तिकिटांच्या हिशेबात गेली.

परतीच्या विमानात आत्याने पाणी संपलेल्या बाटलीचं झाकण घट्ट लावून ती पिशवीत टाकली होती. मुंबईला उतरताना ती चेपून पार आत गेली. मी न्यायला गेलो होतो, तेव्हा तिने ती मला दाखवली. आतल्या हवेने एक पंचमांश जागा सोडली होती. पहाटे गाडी खंडाळ्याचा घाट चढून वर आली आणि मागच्या सीटवर बाटलीने टक् असा आवाज केला. एक पोचा थोडा भरून आला होता. आत्या तोवर झोपली होती.