शेजारच्यांचं लाइट बिल

वीज का वाचवता, असं शहरातल्या माणसाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: पैसे वाचतात, पर्यावरणही राखलं जातं. शेजारी वाचवतात म्हणून मीही वाचवतो, असं कोणी म्हणत नाही. एका पाहणीत कॅलिफोर्नियातल्या लोकांनीही हे कारण सगळ्यांत शेवटी टाकलं होतं.

मग मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या सॅन मार्कोस शहरात घरोघरी दारांच्या मुठींना कागद अडकवले. सांगणं सगळीकडे सारखंच, उदाहरणार्थ एसीऐवजी पंखा लावा. कारणं वेगवेगळी: कुठे पैशांची बचत, कुठे पर्यावरण, कुठे पुढच्या पिढ्यांची काळजी. काही घरांना एवढंच सांगितलं, की तुमचे बहुतेक शेजारी पंखाच लावतात. २००८ साली निष्कर्ष छापून आले. मीटरच्या आकड्यांत हा शेवटचा कागदच सरस ठरला होता. गंमत म्हणजे त्या घरातल्यांना याचा पत्ताच नव्हता.

याची उलटी बाजूही याच शहरात दिसली. सरासरीपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांना ती सरासरी कळली, तेव्हा त्यांचा वापर वाढला! आपणच कशाला काटकसर करायची, हा हिशेब कुठल्याही सोसायटीत समजेल. आकड्याशेजारी हसरा चेहरा काढल्यावर मात्र ही वाढ थांबली.

पुढे ओपॉवर कंपनीने शेजाऱ्यांशी तुलना करणारे अहवाल अमेरिकेत लाखो घरांना पाठवले. वापर सरासरी २ टक्के घटला. आकडा किरकोळ वाटेल, पण खर्च फक्त कागदाचा.

मला जास्त विचारात पाडतो तो दिल्लीजवळच्या अपार्टमेंटमधला प्रयोग. दर आठवड्याला तुलना पाठवल्यावर तिथे उन्हाळ्यातला वापर सुमारे ७ टक्क्यांनी उतरला. काही घरांना तुलनेबरोबर पैशांचं आमिषही दाखवलं, तर तिथला परिणाम जवळपास पुसला गेला. माझ्या मते रुपये मध्ये आले की ‘चार लोकांसारखं वागावं’ ही भावना मागे पडते आणि एवढ्याशा पैशासाठी उकाडा सोसायचा का, असा व्यवहार सुरू होतो.

अर्थात तुलना बरोबरीच्यांत हवी. दिवसभर आजी-आजोबा घरात असलेल्या कुटुंबाला सकाळी कुलूप लागणाऱ्या फ्लॅटशी जोखलं, तर ते चिडून कागद फेकूनच देतील. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट असतात, पण ते आपलेच. सोसायटीने नावं न घेता वन बीएचके आणि टू बीएचकेची वेगवेगळी सरासरी नोटीस बोर्डावर लावली, तरी सुरुवात होईल.