‘काउंट किती?’

एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या, म्हणजे एआरटी केंद्राच्या बाकावर बसलेल्यांत हा प्रश्न इतका सवयीचा, की ‘तब्येत कशी आहे?’ मागे पडतं. सोलापूरच्या ‘सिव्हिल’मध्येही वेगळं नाही. काउंट म्हणजे एक घन मिलिमीटर रक्तातल्या सीडीफोर पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मदतनीस टी-पेशींची संख्या. निरोगी माणसात ती साधारण ५०० ते १५०० असते. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो आणि उपचार नसतील तर त्या वर्षानुवर्षं घटत जातात.

गंमत अशी, की या पेशी ओळखण्याची युक्ती आजाराची ओळख पटण्याआधी आली. कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५मध्ये एकाच साच्याची प्रतिपिंडं (ठरावीक खुणेलाच चिकटणारी प्रथिनं) बनवण्याची पद्धत शोधली. तिच्यामुळे पेशींचे प्रकार वेगळे करता येऊ लागले. १९८१मध्ये लॉस एंजलिसच्या डॉक्टरांनी अनोळखी न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा मदतनीस टी-पेशी जवळजवळ गायब होत्या. विषाणू सापडला १९८३मध्ये. तोवर हातात होती ती फक्त ही उणीव.

भारतात सरकारी एआरटी १ एप्रिल २००४ला सुरू झाली. औषधं महाग, रुग्ण पुष्कळ. मग कुणाला आधी? काउंट २००च्या खाली, त्याला. म्हणजे ४०० असलेल्या माणसाला ‘अजून गोळ्यांची गरज नाही, सहा महिन्यांनी या’ असं सांगून घरी पाठवायचं. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून मजुरी बुडवून आलेला माणूस हे ऐकून परत येईलच कशाला? मला हा त्या काळातला सर्वांत महागडा सल्ला वाटतो. पुढे रेघ ३५०वर, मग ५००वर सरकली आणि २०१७मध्ये पुसलीच गेली. आता निदान झालं की गोळ्या सुरू. त्या लागू पडतात की नाही, ते व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण सांगतो. काउंटचं महत्त्व ओसरलं.

पण उशिरा येणारे थांबले नाहीत. बाईची तपासणी निदान गरोदरपणात होते. पुरुष मात्र आजारी पडेपर्यंत तपासणीच्या वाटेला जात नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागावर खोकला आला की दोष सुताच्या धुळीला, विड्या वळणाऱ्या घरात आला की तंबाखूला. मग वजन उतरतं, तोंडात पांढरे चट्टे येतात, टीबी निघतो, आणि टीबीबरोबरच्या तपासणीत एचआयव्ही. तेव्हा काउंट दोन आकड्यांतही असू शकतो.

अशांसाठीच जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये ‘प्रगत आजारा’चा वेगळा विचार मांडला: काउंट २००च्या खाली, किंवा आजाराचा तिसरा-चौथा टप्पा. पाच वर्षांखालचं एचआयव्हीग्रस्त मूल तर निदानाच्या वेळी यात सरसकट धरलं जातं. व्हायरल लोड हे सांगू शकत नाही. विषाणू किती आहेत ते त्यातून कळतं, शरीराची पडझड किती झाली ते नाही. काउंट कमी निघाला की लघवीवरून टीबीची आणि रक्तातून क्रिप्टोकॉकस बुरशीची चाचणी करायची. ही बुरशी मेंदूच्या आवरणात पोचलेली असेल, तर आधी तिच्यावर उपचार आणि एआरटी चार ते सहा आठवडे मागे. घाईने सुरू केली, तर सावरू लागलेली प्रतिकारशक्तीच तिथली सूज भडकवते आणि रुग्ण दगावू शकतो.